मेंदू कॅमेरा नाही, आणि माझी भाची खोटारडी नाही

ताईने रविवारी एक फॉरवर्ड पाठवला. असले मेसेज मी सहसा उघडतही नाही, पण याच्याखाली तिने स्वतः एक ओळ लिहिली होती : “बघ, मी म्हणत नव्हते? हिला आठवत नाही वगैरे सगळी नाटकं असतात.”

‘ही’ म्हणजे माझी चौदा वर्षांची भाची. गेले दहा दिवस तिच्या घरी ‘क्लिक पद्धत’ चालू आहे. पुस्तकाचं पान समोर धरायचं, तीन सेकंद टक लावून बघायचं, मनात ‘क्लिक’ म्हणायचं आणि पान उलटायचं. लिहून काढणं बंद, प्रश्नोत्तरं बंद, कारण त्यात म्हणे वेळ फुकट जातो. संध्याकाळी वीस-पंचवीस पानं क्लिक होतात, रात्री ताई प्रश्न विचारते आणि पोरगी गप्प. मग ताईचा पारा चढतो. मेंदूत फोटो निघालाय, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, मग सांगत का नाहीस? बुधवारी भाचीचा मला फोन आला. “मामा, माझ्या मेंदूत काही बिघाड आहे का रे?”

तेव्हा मात्र तो फॉरवर्ड अथपासून इतिपर्यंत वाचला. ज्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही अशा भाग्यवंतांसाठी मजकूर थोडक्यात देतो. शीर्षक, ‘मेंदूची सात रहस्यं’. एक : मेंदू हा कॅमेरा आहे, डोळ्यांसमोरून गेलेली प्रत्येक गोष्ट त्यात कायमची साठते, अमेरिकेत एमआयटीमध्ये २,५०० चित्रं दाखवून हे सिद्ध झालंय. दोन : म्हणून ‘आठवत नाही’ असं काही नसतंच, इच्छाशक्ती कमी पडते; मुलांना तीन सेकंदांत पान टिपायला शिकवा. तीन : प्रत्येक मूल फोटोग्राफिक मेमरी घेऊन जन्मतं, शाळा ती मारून टाकते. चार : माणसाचं लक्ष आता आठच सेकंद टिकतं, गोल्डफिशचं नऊ सेकंद. पाच : आपण मेंदूचा दहा टक्केच भाग वापरतो. सहा : मेंदूला मजकुरापेक्षा चित्र ६०,००० पट वेगाने समजतं. सात : नजर समोर असली की फोनवर बोलत गाडी चालवली तरी मेंदू रस्त्यावरचं सगळं टिपतच असतो.

सगळं कायमचं टिपणारा कॅमेरा आणि आठ सेकंदांत भरकटणारा जीव हे दोन्ही एकाच डोक्यात कसे नांदतात, हे लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही. पहिल्या रहस्याने चौथ्याला भेटून घ्यायला हवं होतं.

पण पहिलंच नीट बघू, कारण सगळा अनर्थ तिथून सुरू होतो. आणि चीड येते ती अशासाठी की त्यातला प्रयोग खरा आहे. टिमोथी ब्रेडी, टालिया कॉन्कल, जॉर्ज अल्वारेझ आणि ऑड ओलिवा यांचा हा शोधनिबंध २००८ मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात आला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो उघडून पाहिला असेल असं वाटत नाही. कुठल्या तरी बातमीतल्या ‘ध’चा त्याने ‘मा’ केलाय.

प्रयोग असा होता. चौदा माणसं. प्रत्येकाला पडद्यावर एकेक करून २,५०० वस्तूंची चित्रं दाखवली, प्रत्येक चित्र तीन सेकंद. मधल्या विश्रांतीसह साडेपाच तासांचं काम. नंतर परीक्षा. पडद्यावर दोन चित्रं शेजारी-शेजारी येणार, त्यातलं एक मघाशी पाहिलेलं. ते कोणतं, ते सांगायचं. दुसरं चित्र अगदीच निराळ्या वस्तूचं असेल तर ९२ टक्के उत्तरं बरोबर आली. त्याच प्रकारची पण वेगळी वस्तू असेल तर ८८ टक्के. आणि तीच वस्तू, फक्त स्थिती वेगळी, म्हणजे मघाशी बंद असलेलं कपाट आता उघडं, तरीही ८७ टक्के. हे आकडे थक्क करणारेच आहेत, त्यात वाद नाही. त्याआधीही लायोनेल स्टँडिंग यांनी १९७३ मध्ये लोकांना १०,००० चित्रं दाखवून अशीच चाचणी घेतली होती, तिथेही ८३ टक्के उत्तरं बरोबर निघाली होती. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींची आपली स्मृती अफाट आहे, एवढं मी त्या फॉरवर्डला मुकाट्याने देऊन टाकतो.

आता त्याने गाळलेल्या गोष्टी.

पहिली, ही परीक्षा दोन पर्यायांची होती. डोळे मिटून बोट ठेवलं तरी ५० टक्के गुण मिळतात. म्हणजे ८८ टक्क्यांचा अर्थ साधारण असा होतो की शंभरातल्या ७६ वेळा खरोखर माहीत होतं, आणि उरलेल्या २४ वेळांपैकी निम्म्या वेळा नशिबाने साथ दिली. स्टँडिंग यांनी हा हिशेब स्वतःच मांडला होता आणि १०,००० चित्रांपैकी सुमारे ६,६०० लक्षात राहिली असं म्हटलं होतं. म्हणजे तीनेक हजार चित्रं गळाली. ‘प्रत्येक गोष्ट कायमची’ हे वाक्य इथेच संपायला हवं.

दुसरी, त्या चौदा जणांना आधीच बजावलं होतं की बारीकसारीक तपशिलासकट सगळं लक्षात ठेवा. वर एखादं चित्र पुन्हा आलं तर लगेच कळ दाबायची, असंही काम दिलं होतं. पडद्यावर एका वेळी एकच वस्तू, मागे कोरी पांढरी जागा, आणि सगळं लक्ष तिच्यावर. ‘डोळ्यांसमोरून गेलेलं’ काहीही त्यांना विचारलेलं नाही. जे लक्ष देऊन पाहिलं तेच विचारलं.

तिसरी, परीक्षा त्याच दिवशी झाली. कायमचं म्हणायला निदान काही काळ तरी जाऊ द्यावा लागतो. काळ गेल्यावर काय होतं तेही याच चौघांनी पाहिलंय, २०१३ मध्ये. वस्तूचा रंग आधी विसरला जातो, ती उघडी होती की बंद हे त्यापेक्षा जास्त टिकतं. आणि बराच वेळ गेला की एका वस्तूबद्दलचे तपशील एकमेकांपासून सुटतात. ती नेमकी कोणती होती हे आठवतं पण ती कोणत्या स्थितीत होती हे नाही, किंवा उलट. जुना फोटो फिकट पडतो तो सगळा मिळून. स्मृती तुकड्या-तुकड्यांनी गळते. ज्या संशोधकांच्या नावावर हा कॅमेरा खपवला जातोय, त्यांनीच केलेलं हे काम आहे.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्यासाठी आपल्या भाषेत दोन सरळ शब्द आहेत : ओळखणं आणि आठवणं. त्या प्रयोगात ओळखायचं होतं. वस्तू समोर आहे, ती पाहिली होती का, एवढंच. ‘मघाशी पाहिलेल्या वस्तूंची यादी करा’ असं कुणी सांगितलं नव्हतं. परीक्षेचा पेपर बरोबर तेच सांगतो. लग्नात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र जिभेवर येत नाही, हा अनुभव नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. चेहरा समोर आहे म्हणून ओळखता आला; नाव आतून काढायचं होतं.

मी भाचीला व्हिडिओ कॉल केला आणि एक छोटा खेळ खेळलो. (प्रयोग म्हणवत नाही, एक मुलगी आणि एक चिडलेला मामा एवढ्यावर प्रयोग होत नसतो.) तिच्याच पुस्तकातली दहा पानं तिला एकेक करून दाखवली, काही आदल्या संध्याकाळी ‘क्लिक’ केलेली, काही अजून न उघडलेल्या धड्यांतली. कोणतं पान पाहिलंयस? दहापैकी नऊ बरोबर. मग त्यातल्याच एका पानावर काय लिहिलं होतं ते विचारलं. “वर डावीकडे एक नकाशा होता.” आणखी? “खाली एक चौकट होती.” चौकटीत? गप्प. मग म्हणाली, “पण मामा, पान दिसतंय मला.” हेच तर आहे. पानाचं रूप ओळखीचं झालंय, पानातला मजकूर आत गेलेलाच नाही. तिच्या मेंदूने ब्रेडी आणि मंडळींच्या निष्कर्षांबरहुकूम काम केलं. बिघाड पद्धतीत आहे.

आणि वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टींचं तरी काय होतं? १९७९ मध्ये रेमंड निकर्सन आणि मॅरिलिन अ‍ॅडम्स यांनी अमेरिकी लोकांना त्यांचं रोजच्या वापरातलं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. कोणता मजकूर कुठे, चेहरा कुठल्या बाजूला, यात लोक सपाटून चुकले. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ८५ विद्यार्थ्यांना अ‍ॅपलचं बोधचिन्ह काढायला सांगितलं गेलं. अचूक काढलं ते एकाने. अनेक पर्यायांतून बरोबर चिन्ह निवडणंही निम्म्यांहून कमी जणांना जमलं. ते सफरचंद त्यांनी हजारो वेळा पाहिलं असणार, पण चावा कोणत्या बाजूला आहे हे जाणून घ्यायची गरज कधी पडली नव्हती.

कॅमेऱ्याची उपमा तर डोळ्यापाशीच मोडते. लख्ख, बारीक अक्षर वाचण्याइतकं स्पष्ट आपल्याला दिसतं ते नजरेच्या अगदी मधल्या भागात. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढा तो भाग. बाकी सगळं धूसर. डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारतात आणि त्या उडीच्या क्षणी मेंदू दृश्य जवळपास बंद ठेवतो. आरशासमोर उभं राहून आधी डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या डोळ्याकडे बघा. स्वतःचे डोळे हलताना दिसणार नाहीत. समोरच्या माणसाला दिसतील. आता पान तीन सेकंद धरा. आठ-दहा उड्या, म्हणजे आठ-दहा नखांएवढी अक्षरं. उरलेलं पान त्या मुलीच्या मेंदूपर्यंत अक्षर म्हणून पोचतच नाही, मग साठणार काय?

फोटोसारखं काही नसतंच, असंही मी म्हणत नाही. एक अतिशय अल्पजीवी फोटो असतो. जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये तो पकडला. बारा अक्षरं, तीन ओळींत, सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा वेळ दाखवायची. लोकांना त्यातली चार-पाचच सांगता येत, पण म्हणत की दिसली तर सगळी होती. स्पर्लिंग यांनी युक्ती केली : अक्षरं नाहीशी झाल्यावर लगेच एक सूर वाजवायचा, उंच सूर म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची. आता लोक कोणतीही ओळ जवळजवळ पूर्ण सांगू लागले. म्हणजे त्या क्षणी बहुतेक सगळी अक्षरं खरंच उपलब्ध होती. पण सूर एक सेकंद उशिरा वाजवला की फायदा संपला. तर आहे कॅमेरा, घ्या. त्याची फिल्म सेकंदभरही टिकत नाही आणि त्यातून ज्याच्याकडे लक्ष गेलं तेवढंच पुढे सरकतं. पुढची खोलीही लहान आहे. स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी १९९७ मध्ये दाखवलं की रंगीत चौकोनांसारख्या साध्या वस्तूसुद्धा एका वेळी तीन-चारच मनात धरता येतात.

‘सगळं कायमचं रेकॉर्ड होतं’ ही समजूत आली कुठून, याचा एक धागा वाइल्डर पेनफिल्ड यांच्यापर्यंत जातो. माँट्रियलचे हे नामवंत मेंदूशल्यविशारद अपस्माराच्या रुग्णांवर ते जागे असतानाच शस्त्रक्रिया करत आणि मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका स्पर्श करून कोणता भाग काय करतो ते तपासत. काही रुग्णांना त्या स्पर्शाने एखादं गाणं ऐकू आलं, जुना प्रसंग दिसला. पेनफिल्ड यांना वाटलं, हीच ती टेप. पण मेंदूच्या ज्या भागातून असे अनुभव येत, त्या भागाच्या ५२० रुग्णांपैकी असं काही सांगणारे होते ४०. त्यातले अनेक अनुभव स्वप्नासारखे, खरे घडले होते की नाही याचा पत्ता नसलेले. १९८० मध्ये एलिझाबेथ आणि जेफ्री लॉफ्टस यांनी हा सगळा पुरावा उलगडून बघितला तेव्हा ‘कायमची टेप’ त्यात सापडली नाही. त्याच वेळी त्यांनी मानसशास्त्रज्ञांना विचारलं होतं, स्मृती कायमची असते का? ८४ टक्के ‘हो’ म्हणाले. मानसशास्त्रज्ञच असं म्हणत असतील तर ताईला दोष देण्यात अर्थ नाही, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. २०११ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी अमेरिकेत सुमारे दीड हजार लोकांना विचारलं, तेव्हाही ६३ टक्क्यांना स्मृती व्हिडिओ कॅमेऱ्यासारखी वाटत होती.

टेप असती तर ती प्रश्नाच्या शब्दांनी बदलली नसती. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची एक छोटी फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर’ झाल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नासांना तोच प्रश्न, पण क्रियापद साधं, ‘धडकल्या’. उरलेल्यांना वेग विचारलाच नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिली का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हती. पहिल्या गटात १६ जणांनी ती ‘पाहिली’ होती, दुसऱ्यात ७ जणांनी, तिसऱ्यात ६ जणांनी. एका शब्दाने सात दिवसांनंतर काच फोडली. कोर्टात साक्षीदार बोट दाखवतो तेव्हा ‘मेंदू कॅमेरा आहे’ ही समजूत किती महाग पडते ते यावरून कळावं. रोनाल्ड कॉटन नावाचा अमेरिकी माणूस दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, कारण अत्याचार झालेल्या तरुणीने त्याला पूर्ण खात्रीने ओळखलं होतं. १९९५ मध्ये डीएनए तपासणीने तो निर्दोष ठरला. ती खोटं बोलत नव्हती. चेहरा लक्षात ठेवायचा तिने जिवापाड प्रयत्न केला होता. इच्छाशक्ती कमी पडली, असं तिला सांगून बघा.

आणि हेच दुसऱ्या रहस्याला उत्तर आहे. ‘आठवत नाही असं काही नसतं’ हे वाक्य मला त्या फॉरवर्डमधलं सगळ्यात घाणेरडं वाटतं, कारण ते चूक तर आहेच, वर ते मुलांना खोटं ठरवतं. आई विचारते, मूल म्हणतं आठवत नाही, आणि आता आईच्या हातात ‘विज्ञान’ आहे की हे पोर लबाड आहे. या वाक्याखाली म्हातारे आईवडीलही येतात. आजोबा चष्मा कुठे ठेवला ते विसरले तर त्यांचीही इच्छाशक्तीच कमी?

शिवाय पाठ्यपुस्तकाचं पान हे चित्रस्मृतीसाठी सगळ्यात वाईट चित्र. १९७० मध्ये गोल्डस्टीन आणि चान्स यांनी चेहरे, शाईचे डाग आणि हिमकण यांची छायाचित्रं दाखवून लोकांना कोणती ओळखता येतात ते पाहिलं. चेहरे बऱ्यापैकी ओळखले गेले, हिमकणांत सगळ्यात जास्त गोंधळ. प्रत्येक हिमकण वेगळा असतो, पण त्यात आपल्याला अर्थ दिसत नाही, त्यामुळे सगळे सारखे. न समजलेल्या धड्याचं पान म्हणजे हिमकण. काळ्या ओळी, मधे चौकट, पुढच्या पानावर तसंच.

ताईने बंद केलेली गोष्ट मात्र खरोखर उपयोगी होती. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदा वाचून तीन वेळा कागद मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं : वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. लगेच विचारलं तर वाचणं भारी वाटतं, म्हणूनच अशा पद्धती खपतात. भाचीला मी एवढंच सांगितलंय की पुस्तक मिट, आठवेल ते लिही, मग उघडून काय राहिलं ते बघ, आणि दोन दिवसांनी पुन्हा. कंटाळवाणं आहे, हे मीही तिला कबूल केलं.

तिसरं रहस्य, फोटोग्राफिक मेमरी. लहान मुलांपैकी थोड्या मुलांना चित्र बाजूला केल्यावरही ते काही वेळ समोर असल्यासारखं ‘दिसतं’, हे संशोधकांनी नोंदवलेलं आहे. पण ते काही मिनिटांत विरतं, त्यात चुका असतात, आणि ही मुलं एकूण मुलांच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. प्रत्येक मूल नव्हे. मोठ्या माणसांत एकच गाजलेलं उदाहरण आहे, १९७० मधलं, हार्वर्डमधल्या एका तरुणीचं. हजारो ठिपक्यांचा एक नमुना एका डोळ्याने आज पाहायचा, दुसरा दुसऱ्या डोळ्याने उद्या, आणि मनात दोन्ही एकावर एक ठेवून लपलेली आकृती सांगायची, असं तिला जमतं असा दावा होता. तो दावा करणाऱ्या संशोधकाने पुढे तिच्याशी लग्न केलं. ती चाचणी पुन्हा झाली नाही. मी काही सुचवत नाहीये. स्मृतिस्पर्धा जिंकणारे लोक पत्त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पाठ करतात ते खरं, पण ते युक्त्या वापरून, महिनोन्‌महिने सराव करून. आणि त्यात मुख्य काम असतं अर्थ नसलेल्या गोष्टीला अर्थ चिकटवण्याचं, फोटो काढण्याचं नव्हे.

पाचवं आणि सहावं रहस्य मी झटकन उरकतो. दहा टक्के मेंदूची गोष्ट खरी असती तर नव्वद टक्के मेंदूला इजा होऊनही काही बिघडायला नको होतं. पक्षाघाताने मेंदूचा छोटासा भाग गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन हे बोलायची कुणाची हिंमत होईल? मेंदू शरीराच्या वजनाच्या दोनेक टक्के असून ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा खातो. नव्वद टक्के रिकामटेकडा अवयव शरीराने असा पोसला नसता. ६०,००० पटीच्या आकड्यामागे कुठलाही प्रयोग नाही. सादरीकरणांतून सादरीकरणांत तो फिरतोय. चित्रं शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहतात हे मात्र खरं आहे, अनेकदा तपासलेलं आहे. किती ‘पट वेगाने’ हा प्रश्नच निरर्थक आहे. ‘न्याय’ हा शब्द कळायला लागणारा वेळ मोजायला न्यायाचं कोणतं चित्र घेणार?

चौथ्यातल्या गोल्डफिशची मला खरंच दया येते. आठ सेकंदांचा आकडा २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या जाहिरात विभागाच्या अहवालाने जगभर नेला, आणि तो त्यांनीही मोजलेला नव्हता, दुसऱ्या एका संकेतस्थळावरून उचलला होता. मूळ संशोधन शोधायला निघालेल्या पत्रकारांच्या हाती काही लागलं नाही. लागणार कसं? लक्ष किती टिकतं हे काय करतोय यावर अवलंबून असतं; त्याचा एकच आकडा नसतो. तीन तास क्रिकेट बघणारा माणूस दहाव्या मिनिटाला सभेत पेंगतो. आणि मासा? १९६० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड अ‍ॅग्रॅनॉफ यांनी दीर्घकालीन स्मृती कशी तयार होते हे शोधायला प्राणी निवडला तो गोल्डफिशच. शिकवलेली गोष्ट माशांना दिवसानुदिवस आठवत होती. शिकवल्यावर लगेच प्रथिननिर्मिती थांबवणारं औषध टोचलं तर मात्र ती आठवण टिकत नव्हती. आठवण पक्की व्हायला मेंदूत काही तरी घडावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, हे जगाला पटवून देण्यात या बिचाऱ्या माशाचा मोठा वाटा आहे. त्यालाच विसराळू ठरवलं.

राहिलं सातवं, आणि यात माणसं मरतात म्हणून ते घाईने उरकत नाही.

सायमन्स आणि शाब्री यांचा १९९९ मधला गोरिलाचा प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितलेल्या लोकांपैकी जवळजवळ निम्म्यांना खेळाडूंच्या मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसला नाही. लोक म्हणतात, गंमत आहे, आम्हाला दिसला असता. म्हणून मी दुसरा सांगतो. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं चित्र घातलं होतं, साध्या गाठीच्या ४८ पट मोठं. चोवीसपैकी वीस जणांना दिसलं नाही. डोळे कुठे जातायत हे यंत्राने टिपलं जात होतं, आणि त्या वीसपैकी बारा जणांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. हे तज्ज्ञ होते, बघणं हाच त्यांचा धंदा. नजर पडली आणि दिसलं नाही.

गाडीतही तेच होतं. डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर लोकांना हात मोकळे ठेवून फोनवर बोलायला लावलं आणि त्यांचे डोळे तपासले. रस्त्याकडेच्या ज्या गोष्टींवर नजर खिळली होती हे यंत्राने नोंदवलं होतं, त्यासुद्धा बोलणाऱ्यांना नंतर न बोलणाऱ्यांपेक्षा खूपच कमी ओळखता आल्या. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, लक्ष फोनच्या दुसऱ्या टोकाला. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं इतकं घातक का नसतं, तेही याच गटाने पाहिलं : त्यालाही रस्ता दिसत असतो, गर्दी आली की तो बोलायचा थांबतो किंवा ‘अगं सांभाळ’ म्हणतो. फोनवरच्या माणसाला काही दिसत नाही.

हे सगळं ताईला सांगायला मी शनिवारी तिला फोन केला. एकेक मुद्दा काढत होतो, ती एकेक खोडत होती. सातव्यावर आलो तेव्हा मागून कुणीतरी जोरात हॉर्न दिला.

“ताई, तू कुठे आहेस?”

“अरे घरीच निघालेय. बोल ना, स्पीकरवर आहेस. समोरच बघतेय मी.”

“घरी पोचून फोन कर,” म्हणालो आणि ठेवला. वीस मिनिटांनी तिचा फोन आला, तो उचलल्यावर आधी भाचीचाच आवाज ऐकू आला. ती मागे कुठल्याशा उताऱ्याची पहिली दोन वाक्यं मोठ्याने आठवत होती आणि तिसऱ्यापाशी अडली होती.